चूल पेटणार नाही असं धरून पिशवी भरा

पावसाळ्याच्या तोंडावर ‘घर सोडायची वेळ आली तर खायला काय घ्यायचं’ अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक कृष्णा-पंचगंगेच्या काठावरून, काही कोकणातून आणि एक थेट टोकियोहून. कागदपत्रं, बॅटरी, दोर यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. इथे फक्त खाण्यापिण्याचं बोलू.

प्रश्न : आम्ही नदीकाठचे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत घर सोडलं. दोन्ही वेळा घाईघाईत तांदूळ, डाळ, पीठ पोत्यात भरून नेलं आणि ते तसंच परत आणलं. मग न्यायचं तरी काय? (गृहिणी, शिरोळ तालुका)

ताई, पोतं तसंच परत आलं यातच उत्तर आहे. डाळ-तांदूळ हे घरातलं धान्य झालं, वाटेवरचं खाणं नव्हे. त्याला गॅस लागतो, भांडं लागतं, चांगलं पाणी लागतं आणि बसायला कोरडी जागा लागते. पुरात नेमक्या याच चार गोष्टी नसतात. निवारा केंद्रात पोचल्यावर खिचडी कुणी ना कुणी आणतंच, त्या बाबतीत आपली माणसं मागे राहत नाहीत. प्रश्न असतो तो त्याआधीच्या वेळेचा : गच्चीवर, शाळेच्या वरच्या मजल्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून काढलेल्या तासांचा, कधी दिवसांचा.

म्हणून पदार्थ पिशवीत टाकण्याआधी एकच बघा. तो विस्तवाशिवाय, हात न धुता आणि घोटभर पाण्यावर खाता येईल का? या चाळणीतून आपल्या शिदोरीतलं बरंच काही सहज पार होतं. एका मोठ्या माणसाच्या एका दिवसाचा हिशेब सांगते. जाडे पोहे १०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे ७५, फुटाणे ७५, गूळ ६०, खजूर ५०, सुकं खोबरं ३० आणि ग्लुकोजची बिस्किटं ५० ग्रॅम. वजन साधारण ४४० ग्रॅम आणि उष्मांक १८०० च्या आसपास. तीन दिवसांचं सव्वा ते दीड किलो होतं, म्हणजे शाळेच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी सहज बसतं. बसून राहणाऱ्याला एवढं पुरतं. घरात गडीमाणूस दिवसभर पाण्यात उतरून गुरं, सामान हलवत असेल, तर त्याच्यासाठी शेंगदाणे आणि गूळ वाढवा.

पोह्यांचा विशेष आग्रह धरते, कारण ते मुळात शिजूनच आलेले असतात. भात आधी भिजवून, भाजून मग कांडतात. त्यामुळे गार पाण्यात भिजवून गुळाबरोबर खाल्ले तरी चालतात, पोटाला बाधत नाहीत. सोलापूरकडची कडक भाकरी मिळाली तर उत्तमच. तिच्यात ओलावा जवळजवळ नसतो, म्हणून ती महिनाभर सहज टिकते, आणि सोबत कोरडी शेंगाचटणी असली की जेवल्यासारखं वाटतं. दात नसलेल्या आजीला मात्र ती पाण्यात भिजवूनच द्यावी लागेल. दशमी आणि गुळाची पोळी चवीला कितीही छान असली तरी ती कायमच्या पिशवीत ठेवण्याची वस्तू नाही. दशमी दोन-तीन दिवस, गुळाची पोळी आठवडाभर. पाणी वाढतंय अशी बातमी आल्यावर, गॅस चालू आहे तोवर, त्या जरूर करून घ्या.

भडंगाबद्दल तुम्ही पत्राच्या खाली वेगळं विचारलंय. जयसिंगपूरच्या इतक्या जवळ राहून ते विचारणं साहजिकच आहे! हलकं आहे, टिकतं, मुलं आवडीनं खातात. पण पिशवीत जागा फार खातं आणि त्यातलं तिखटमीठ तहान वाढवतं. एक छोटी पुडी ठेवा, मन रमवायला. लोणचं आणि पापड मात्र नकोच.

आणखी एक गोष्ट कुणी मोकळेपणानं विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. पाण्यानं वेढलेल्या घरात शौचाला जायची सोय नसते, म्हणून बायका खाणंपिणं बंद करतात. त्यातून चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. पाणी तोडू नका. घोट घोट का होईना, घेत राहा. खाणं बेताचं पण नियमित असू द्या. आडोशाला एक जुनी चादर आणि झाकणाची बादली पिशवीशेजारीच ठेवली तर हा पेच निम्मा सुटतो.

प्रश्न : पिण्याला आणि किरकोळ स्वयंपाकाला मिळून माणशी रोज तीन लिटर पाणी धरावं असं वाचलं. चार माणसांचं तीन दिवसांचं ३६ लिटर होतं. एवढं कोण उचलणार? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

कुणीच नाही, सर. आणि उचलूही नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. बोटीत चढताना सामान जितकं कमी तितकं बरं. अंगावर माणशी एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पुरे. पाच लिटरचा कॅन एकाच्याच हाताला ओढ लावतो, आणि तो फुटला की सगळंच गेलं.

बाकीचं पाणी घरातच, पण वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर. कोल्हापुरात दोन्ही पुरांत उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, म्हणजे ज्यांच्या दारात पूर आला नाही त्यांचेही नळ कोरडे पडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली, की कळशी, हंडा, कुकर, जे झाकता येईल ते भरून ठेवा. ४३ फुटांची, म्हणजे धोका पातळीची वाट बघू नका.

नंतर मिळेल ते पाणी पिण्याजोगं करायची तयारी पिशवीत असावी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दाट कापडातून गाळा आणि मगच क्लोरीनचं औषध घाला. आरोग्य सेविका देतात ती द्रावणाची बाटली किंवा गोळ्या, दोन्ही चालतात. प्रमाण वेष्टनावर असेल तेच, आणि अर्धा तास थांबायचं. गाळ तसाच ठेवून क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. नुसत्या तुरटीनं पाणी नितळ दिसतं, जंतू मरत नाहीत. गॅस असेल तर एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी सगळ्यात भरवशाचं.

ओआरएसची चार-पाच पाकिटं ठेवाच. ती जुलाब-उलट्यांसाठी आहेत, सरबतासारखी येताजाता प्यायला नव्हेत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजानं पेलाभर पाण्यात, असं करू नका. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

प्रश्न : गेल्या वर्षी डबा भरून ठेवला होता. सप्टेंबरात उघडला तर शेंगदाणे खवट, बिस्किटं सादळलेली. कोकणात हे टिकवायचं कसं? (वाचक, चिपळूण)

दोन वेगळे शत्रू आहेत. सादळणं हवेतल्या दमटपणामुळे, खवटपणा तेलामुळे. दमट हवा बाहेर ठेवता येते, पण शेंगदाण्यातलं आणि खोबऱ्यातलं तेल आतच असतं. ते ऊब, उजेड आणि हवा यांनी बिघडतं. पत्र्याखालच्या माळ्यावर तर फारच लवकर.

एक मोठा डबा भरू नका. तो एकदा उघडला की सगळंच उघड्यावर येतं. एका माणसाचं एका वेळचं खाणं एका पुडीत, अशा पुड्या करा. जाड प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी घ्या, दाबून हवा काढा. अशा सहा-सात पुड्या दुसऱ्या पिशवीत आणि सगळं रबरी कडीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत. स्टीलचा डबा घरात शोभतो, खांद्यावर नाही. शेंगदाणे आणि पोहे भरण्याआधी मंद आचेवर कोरडे भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच पुडी बांधा. गरम बांधली की आतून घाम येतो आणि पुढे बुरशी. तळलेला चिवडा, शेव, चकल्या नकोत, त्यांतलं तेल सर्वांत आधी बिघडतं. गूळ वेगळ्या पुडीत. तो पाझरला की शेजारच्या बिस्किटांचा लगदा करतो.

आणि पिशवी ठेवायची कुठे? २२ जुलै २०२१ ला तुमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी रात्रीत चढलं, खालच्या मजल्यावरची फडताळं उघडायलाही सवड मिळाली नाही. वर जाणाऱ्या जिन्याजवळ, हाताला येईल अशा खुंटीला टांगा. भूकंपाच्या भागात, म्हणजे कोयनेच्या परिसरात किंवा किल्लारीकडे, हाच नियम उलटा होतो. तिथे माळ्यावर नको, बाहेर पडायच्या दाराशी हवी. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा, दोन्ही भूकंप पहाटेच्या झोपेत झाले.

प्रश्न : इथे प्रत्येक घरात भूकंपाची पिशवी असते. आम्ही दुकानातून जपानी संच आणला, पण मुलं त्यातलं काही खात नाहीत. (वाचक, टोकियो)

खात नाहीत, तर तो संच तुमचा नाहीच. गोंधळाच्या वेळी मुलं नवीन चव मुळीच स्वीकारत नाहीत.

पण जपान्यांची पद्धत जरूर उचला. तिथे निदान तीन दिवसांचं आणि जमल्यास आठवड्याचं खाणं घरात ठेवायला सांगतात, आणि ‘रोलिंग स्टॉक’ नावाची रीत शिकवतात. वेगळा साठा करून विसरायचं नाही. रोजच्या वापरातलंच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी संपवायचं, संपेल तेवढं पुन्हा भरायचं. चिपळूणच्या वाचकांच्या खवट शेंगदाण्यांवर खरा उपायही हाच आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा, संकष्टी म्हणा, पगाराचा दिवस म्हणा. पुड्या काढून घरात खाऊन टाका आणि ताज्या भरा.

त्या संचातला कोमट किंवा गार पाण्यात फुगणारा ‘अल्फा’ भात म्हणजे तत्त्वानं आपले पोहेच. आधी शिजवून वाळवलेला भात. गार पाण्यात त्याला तासभर लागतो, पोह्यांना काही मिनिटं. ‘कानपान’ नावाची कडक बिस्किटं आपल्या कडक भाकरीच्या जातीची. त्यांच्या डब्यात खडीसाखरेचे खडे घातलेले असतात, तोंडाला पाणी सुटून कोरडा घास गिळता यावा म्हणून. ही युक्ती मला फार आवडली. तेव्हापासून प्रत्येक पुडीत खडीसाखर घालायला सांगते. तुम्ही संचातला भात ठेवा, सोबत मेतकूट द्या. मुलं खातील.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. गूळ-खजुरावर त्यांनी कसं राहायचं? (वाचक, सांगली)

गूळ-खजूर त्यांच्या रोजच्या पुडीत नकोत. फुटाणे आणि शेंगदाणे जास्त, कडक भाकरी, थोडे पोहे. पण साखर पिशवीत हवीच, औषध म्हणून. उपासमारीच्या दिवसांत त्यांना खरा धोका साखर वाढण्याचा नसून एकाएकी उतरण्याचा आहे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, तसंच वाटलं तर परत द्या. सावरल्यावर बिस्किटं, फुटाणे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, गुदमरतील.

जेवण निम्म्यावर आलं तर इन्सुलिन किती घ्यायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या पिशवीत ठेवा. तेव्हा फोन लागेलच असं नाही. वीज गेल्यावर इन्सुलिन लहान मडक्यात, मडकं ओल्या फडक्यात. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर खजूर, शेंगदाणे आणि ओआरएस यांबद्दल स्वतंत्रपणे विचारा. त्यांना हे तिन्ही बाधू शकतात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. पावडरचा डबा घेऊन ठेवू का? (आई, महाड)

अंगावर पाजत असाल तर नको. भीतीनं दूध आटतं असं म्हणतात, पण बाळ ओढत राहिलं की दूध येतं. तुमच्या स्वतःच्या पुड्या आणि पाणी मात्र इतरांपेक्षा जास्त धरा, त्यात कुणाला वाटा देऊ नका. पावडर निर्जंतुक नसते. ती ७० अंशांपेक्षा गरम पाण्यातच कालवावी लागते आणि पुरात तेच अवघड. ज्यांचं बाळ आधीपासून वरच्या दुधावर आहे त्यांनी डबा, लहान पातेलं आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा घ्यावा, तो धुणं सोपं. आणि बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नका, एरवीही आणि तेव्हाही.

प्रश्न : ट्रेकला नेतो ती तयार पाकिटं चालतील का? (वाचक, पुणे)

दोन प्रकार आहेत. पाकिटातच शिजवून बंद केलेला राजमा, पुलाव गारही खाता येतो. वजन जास्त, पण त्यात पाणीही असतं, म्हणून घरच्या साठ्याला चांगला. गरम पाणी घालून करायचा उपमा किंवा नूडल्स वर सांगितलेल्या चाळणीत अडकतात. फुगलेलं पाकीट कधीच उघडून बघू नका, सरळ टाका.

प्रश्न : श्रावणातले उपास असतात. (आजी, मिरज)

२०१९ चा पूर नागपंचमीच्या आठवड्यातच होता, तेव्हा विचारलंत ते बरं. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर, खोबरं. साबुदाणा भिजवायचा आणि शिजवायचा, म्हणून बाद. पाण्याशिवायचा कडक उपास त्या दिवसांत मात्र धरू नका, आजी.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर घरातलं काय वापरायचं आणि काय टाकायचं? (शेतकरी, पलूस तालुका)

पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, मसाले, बिस्किटं, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या-बरण्यांतलं तेल-लोणचं, सगळं टाकायचं. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, फवारणीची औषधं सगळंच मिसळलेलं असतं. न चेपलेला, न गंजलेला सीलबंद पत्र्याचा डबा साबणानं, मग ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन वापरता येतो. फ्रीज बंद राहिला तर न उघडता चार तास, त्यापुढे दूध, शिजवलेलं अन्न, मटण-मासळी विसरा. टाकण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यात पोती मोजून लिहून घ्या. नाही तर भरपाईच्या वेळी पुरावा उरत नाही.

भिजलेली शेंग आणि मका वाळवून जनावरांना घालायचा मोह होतो. घालू नका. त्यावर येणाऱ्या बुरशीचं विष भाजून किंवा उन्हात वाळवून जात नाही, आणि म्हशीच्या पोटात गेलेलं ते विष दुधातून परत तुमच्याच चहात येतं.