प्रेसमड कुणाच्या हातात आहे, ते आधी बघ

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रकल्प अहवाल दोनदा वाचला. रायबागकडे साखर कारखान्यातल्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, रोज पाच टन बायोगॅस काढणारा प्रकल्प, त्यात शेअर घ्यायचे, आणि आजोबांच्या वाट्याच्या जमिनीतून आलेल्या पंधरा लाखांपैकी दहा तिथे घालायचे, असा तुझा विचार आहे. आपल्याच भागात काहीतरी उभं राहावं ही तुझी ओढ मला मनापासून आवडली. म्हणूनच बँकेत कर्जाची प्रकरणं तपासत नोकरी केलेला माणूस म्हणून जे दिसतं ते स्पष्ट लिहितो.

अहवालातली जर्मन यंत्रं, रंगीत चित्रं बाजूला ठेव. एवढंच विचार, की डायजेस्टरमध्ये, म्हणजे माल कुजवून गॅस करायच्या बंद टाकीत, रोज घालायचा माल कुणाच्या हातात आहे? अंदाजे पंचवीस टन प्रेसमडमधून एक टन शुद्ध गॅस मिळतो. म्हणजे पाच टनांना रोज सव्वाशे टन लागेल. अहवालात वर्षाचे 350 दिवस धरलेत, तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार टन झाले. आता कारखान्याकडे ये. रोज 5000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या तीन-चार टक्के, म्हणजे दीडशे ते दोनशे टन प्रेसमड निघतं. पण गळीत हंगाम किती दिवसांचा? नोव्हेंबरला गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत, सव्वाशे-दीडशे दिवस. एका कारखान्याचं सगळंच्या सगळं प्रेसमड उचललं, तरी प्रकल्पाची भूक निम्मं वर्षच भागते. आणि सगळं उचलू देणार कोण? ऊसवाले शेतकरी ते रानात टाकायला मागतातच. कारखान्याला एकदा कळलं की तुमचा प्रकल्प त्याच्या मालावरच अडून आहे, की दर चढायला लागतो. उद्या त्याने स्वतःचा गॅस प्रकल्प काढला तर तुमच्या हाती काय? त्यामुळे पुरवठ्याचा करार नुसत्या शिफारसपत्रावर आहे की किती टन, कुठल्या दराने, किती वर्षं हे लिहिलेला नोंदणीकृत करार आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

हंगामात साठवून ठेवू म्हणतील. उन्हाळ्यात प्रेसमडच्या ढिगात हात घालून बघ, आतून चांगलाच तापलेला असतो, सकाळी वाफ निघताना दिसते. तो ढीग तिथेच कुजत असतो. गॅस ज्यातून व्हायचा तेच जळून जात असतं, आणि वर पहिला पाऊस पडला की पाणी झिरपून शेजारच्या ओढ्याला लागतं. मार्चमधलं प्रेसमड आणि ऑगस्टमधलं प्रेसमड सारखा गॅस देत नाही. अहवालात मात्र बाराही महिने एकच आकडा आहे. शेणाचा पर्याय लिहिलाय, पण आपल्याकडे दारोदार दोन-चार म्हशी. गावोगावचं शेण गोळा करून आणायचा डिझेलखर्च धरला की तो हिशेब आतबट्ट्याचा होतो. नेपियर गवत म्हणशील, तर उसाला पाणी मिळणारी जमीन गवताला कोण देईल? प्रकल्प बघायला जायचं तर जानेवारीत जाऊ नको, भर पावसाळ्यात जा.

आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत उसाचा रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, त्यामुळे प्रेसमडमध्ये गंधक राहतं. डायजेस्टरमधून निघणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो. तो काढला नाही तर पाइप, कॉम्प्रेसर गंजून जातात. विक्रीच्या गॅसमध्ये किमान 90 टक्के मिथेन हवा, असं मानक आहे. म्हणून शुद्धीकरणाच्या दुरुस्तीला किती रक्कम धरलीय ते विचार. इथे मला एकही आकडा दिसला नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यांत खटकली.

सरकारी आधाराबद्दल ते खूप बोलले असतील. आधार आहे, हे खरं. 2018 ला केंद्राची ‘सतत’ नावाची बायोगॅस योजना आली तेव्हा 5000 प्रकल्पांचं उद्दिष्ट होतं. 2024 संपताना चालू झालेले शंभराच्या आगेमागेच होते. गॅस वितरण कंपन्यांना 2025-26 पासून एक टक्का बायोगॅस मिसळणं बंधनकारक आहे, 2028-29 पासून ते पाच टक्के होईल. मागणी राहणार, यात शंका नाही. पण त्या बंधनाने तुझ्याच कंपनीचा गॅस विकला जाईल असं नाही. तेल कंपनीचं इरादापत्र म्हणजे खरेदीचा करार नव्हे. गॅस पंपापर्यंत टँकरने नेण्याचा खर्च कुणाच्या माथी, तेही विचार.

खताचं उत्पन्न तर मी निम्म्याहून कमी धरेन. डायजेस्टरमधून रोज निघणारा गाळ साठवायला जागा लागते, आणि शेतकरी तो लागणीच्या आधीच उचलतो, भर पावसात नाही. टनाला 1500 रुपयांची केंद्राची मदत 2025-26 पर्यंतसाठी मंजूर झाली होती, पण तीही विकलेल्या खतावर. वास गावात गेला की तक्रार होते, आणि आपल्या लोकांनी एकदा रस्ता अडवला की ट्रॅक्टर आत जात नाही.

आता कागद. जमीन कंपनीच्या नावावर आहे की संचालकांच्या घरच्यांच्या, आणि कंपनीने ती भाड्याने घेतलीय? पहाणी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढून कन्नड नीट वाचणाऱ्याकडून वाचून घे, बिगरशेती झाल्याचा आदेशही बघ. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरलं की कंपनीचे ताळेबंद आणि बँकेचा बोजा दिसतो. कंपनी बुडाली तर आधी बँक, मग बाकीचे देणेकरी, आणि शेअर घेणारा सर्वांत शेवटी. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर मनात आलं म्हणून विकताही येत नाहीत. बहिणीचं लग्न निघालं, बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर ही रक्कम तुझ्या उपयोगाची नाही असं समजूनच निर्णय घे.

खाजगी कंपनीला गावात सभा घेऊन लोकांना शेअर घ्या म्हणता येत नाही. सभासदही दोनशेच्या वर जाऊ शकत नाहीत. वर्षाला अमुक टक्के नक्की देतो असं कुणी म्हणालं, तर तो शेअर नसून ठेव झाली, आणि अशा ठेवींवर 2019 च्या कायद्याने बंदी आहे. तसलं तोंडी आश्वासन तुला मिळालं असेल तर मला कळव. पैसे द्यायचेच झाले तर फक्त बँकेतून, कंपनीच्या त्यासाठीच उघडलेल्या खात्यात. साठ दिवसांत शेअर मिळाले नाहीत तर रक्कम परत मागायचा तुला हक्क आहे.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो, दहा लाख घालू नको. पुरवठ्याचा करार आणि एका अख्ख्या पावसाळ्याचा गॅसविक्रीचा हिशेब दाखवला, तर दीड-दोन लाखांचा विचार कर. त्या आधी एक रुपयाही नाही. आणि बँकेच्या कर्जाला संचालक म्हणून जामीन राहा असं म्हणाले, तर तिथे सही करू नको, कारण मग शेअरच्या रकमेवर भागणार नाही, राहतं घर आणि उरलेली जमीनही त्यात ओढली जाईल.

येत्या रविवारी कागद घेऊन ये. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका