एच-व्हॉल्व्ह घेतलात, पण हात पोचतो का?

तुमची पोस्ट वाचली आणि माझाच पहिला विलायती हिवाळा आठवला. स्कूबा डायव्हिंग शिकलो तारकर्लीच्या कोमट पाण्यात, आता इंग्लंड, ड्रायसूट (पाणी आत न येणारा पोशाख) नवा कोरा. त्यात तुमचं वाक्य, 'बॅकअप हवा म्हणून १२ लिटरच्या सिलिंडरवर एच-व्हॉल्व्ह बसवला, दोन फर्स्ट स्टेज लावल्या, आता पोनी कशाला?' डिट्टो हेच मी म्हणालो होतो. (एच-व्हॉल्व्ह म्हणजे एकाच सिलिंडरवर दोन तोंडं, प्रत्येकाला वेगळा नॉब. फर्स्ट स्टेज म्हणजे रेग्युलेटरचा, म्हणजे श्वास घ्यायच्या यंत्राचा, सिलिंडरवर बसणारा भाग. पोनी म्हणजे सोबतचा छोटा राखीव सिलिंडर.)

मी इन्स्ट्रक्टर नाही, तेव्हा तुमच्या इन्स्ट्रक्टरचं आधी ऐका.

एच-व्हॉल्व्हमागचा विचार बरोबर आहे. एक फर्स्ट स्टेज गोठून फ्री-फ्लो (हवा न थांबता सुटणं) सुरू झाला, तर तिचा नॉब बंद करायचा आणि दुसरीवर जायचं. पण पाठीमागचा तो नॉब बंद कोण करणार? स्टोनी कोव्ह (इंग्लंडमधली पाण्याने भरलेली, डायव्हिंगची खाण), फेब्रुवारी, पाणी ५ अंश, २० मीटरचा टप्पा. बीसीत (तरंगण्याच्या जॅकेटात) हवा भरता भरताच मोठा श्वास घेतला आणि रेग्युलेटर धो धो सुटला. आत जाड अंडरसूट, हातात ५ मिमीचे मोजे, सिलिंडर पट्ट्यात खाली सरकवलेला. नॉब दोन बोटं लांब राहिला, तो राहिलाच. बुडबुड्यांत समोरचं काही दिसेना. शेवटी बडीने (जोडीदार डायव्हरने) मागून येऊन बंद केला, तोवर सिलिंडरमधला दाब १४० बारवरून ५० वर आला होता. घरी टी-शर्टवर हात मस्त पोचायचा हो! वरच्या ६ मीटरच्या कट्ट्यावर एकदाही सराव केला नव्हता. ही चूक माझी.

पण पुढचं माझं नाही. रेग्युलेटर तपासायला दिले. सात आठवडे ठेवून घेतले आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत. बिल मात्र पूर्ण. नंतर मीच भिंग घेऊन पाहिलं, तर सुटलेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण. म्हणजे ईएन २५० या युरोपीय मानकाप्रमाणे तो थंड पाण्यासाठी नव्हताच! सात आठवड्यांत तिथे एकालाही ती दिसू नये? (घेताना मलाही दिसली नव्हती, ते सोडा.) तुमच्या दोन्हींवर आजच बघा.

दुसरं, व्हॉल्व्ह दोन झाले तरी हवा एकाच सिलिंडरची. ती संपली की दोन्ही तोंडं कोरडी. म्हणून माझं मत पोनी, आणि तीही ३ लिटरची. घाबरल्यावर माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो असं धरा. २० मीटरवर सावरायला एक मिनिट, वर यायला दोन, ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: मिळून साधारण ४६० लिटर. २०० बारला ३ लिटरच्या पोनीत ६०० असतात, भागलं. तेच ३५ मीटरवरून केलंत तर साडेसातशेच्या आसपास जातं, म्हणजे थांबा सोडावा लागणार. तिथे जायचं असेल तर मोठी घ्या किंवा ट्विनसेट (दोन सिलिंडरची जोडी) शिका. आणि पोनीच्या सेकंड स्टेजला (तोंडात धरायच्या भागाला) वेगळ्या रंगाचं माउथपीस लावा. चुकून तीच तोंडात घेऊन उतरणारे मी पाहिलेत.

जुनी पोनी घेणार असाल तर मानेवरचे आटे वाचून घ्या. एम२५चा (२५ मिमीच्या मेट्रिक आट्यांचा) व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत थोडा फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि भरताना गोळीसारखा उडू शकतो. व्हॉल्व्ह बदलणं घरी करायचं काम नाही.

बाकी, सुट्टीत तारकर्लीला जाताना तुमच्या डिन (आट्यांनी बसणाऱ्या) रेग्युलेटरसाठी ए-क्लॅम्प (वरून कसून बसवायच्या पकडीचा) अडॅप्टर बॅगेत टाका. मला तिकडे भाड्याने मिळालेले सगळे सिलिंडर ए-क्लॅम्पचेच होते. आणि तिथे पोनी नेऊ नका, विमानतळावर समजावता समजावता घाम फुटतो.