पाऊस पडायच्या आधीच टीव्हीच्या छत्रीचा (डिशचा) सिग्नल का जातो?

ठाण्यात मानपाड्याला एक थेंब पडलेला नसतो, नुसतं अंधारून येतं आणि टीव्ही जातो, एफएम मात्र चालूच राहतो. केबल बदलू का, असं तुम्ही विचारलंत. थांबा, इतक्यात केबलला हात लावू नका.

छत्री डोक्यावरच्या ढगाकडे बघत नसते. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह धरा. ठाण्यातून तो दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे, क्षितिजापासून साधारण ६५ अंशांवर असतो. पावसाळ्यात पाण्याचे थेंब सुमारे पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात. तेवढ्या उंचीवर पोचेपर्यंत तुमच्या छत्रीची रेघ दोनेक किलोमीटर पुढे, कापूरबावडीवर गेलेली असते. तिथे कोसळत असेल तर तुमचा टीव्ही कोरड्यातच जाणार.

छत्रीची लहर अडीच सेंटिमीटरची, थेंब काही मिलिमीटरचे. लहर जितकी आखूड, तितकं थेंब तिला जास्त शोषतात, विखुरतात. तासाला ५० मिमी पाऊस १२ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे छत्रीच्या लहरीवर, किलोमीटरमागे सुमारे २ डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) खातो; पाच किलोमीटरांत १० डेसिबल, म्हणजे उरतो दहावा हिस्सा. तोच पाऊस ४ गिगाहर्ट्‌झवर अख्ख्या वाटेत अर्धा डेसिबलही खात नाही. एफएमची लहर तर तीन मीटरची, तिला पावसाचा पत्ताही नसतो.

रडारला हा भुर्दंड जाताना आणि येताना, असा दोनदा बसतो. म्हणून कुलाब्याचं हवामान रडार दहा सेंटिमीटरच्या लहरीवर चालतं. नुसती दमट हवासुद्धा खाते बरं का! दुसऱ्या महायुद्धात सव्वा सेंटिमीटर लहरीची रडारं बनवली आणि ती नेमकी बाष्पाच्या २२ गिगाहर्ट्‌झच्या शोषणपट्ट्याजवळ निघाली, पल्ला आखडला.

आता तुमचं काम. सर उतरल्यावर चित्र आपोआप परत येत असेल तर दोष आभाळाचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडूनही अडकत असेल तर एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडा. गेल्या जुलैत एका गच्चीवर मी तो फिरवला तर तळहातावर पाणी सांडलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. तार कापून नवा कनेक्टर लावला, केबलला खाली वळसा दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

छत्री जराशी हललेली असली तरी हलक्या सरीत टीव्ही जातो, कारण हाताशी सिग्नलची शिल्लकच कमी उरते. कोरड्या दिवशी बॉक्सवर क्वालिटीचा आकडा किती दिसतो तो कळवा, मग दिशा सुधारायची का ते सांगतो.