आंतरराष्ट्रीय स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकायला घर तारण ठेवून इंग्लंडला जावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, शाळा मराठी माध्यमाची, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी प्रवेशपत्र हातात, आणि वडील कल्याणचं राहतं घर तारण ठेवायला तयार. जावं का, आणि या विषयात नेमकं शिकवतात तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

विषय जरूर शिका. पण आत्ताच आणि घर गहाण टाकून नको. मी मुंबई विद्यापीठातून दोन वर्षांचं एम.एम.एस. (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) केलं, त्यात हा विषय ऐच्छिक म्हणून घेतला, आणि गेली नऊ वर्षं खाद्यपदार्थ निर्यात करणाऱ्या एका कंपनीत नव्या बाजारपेठा शोधण्याचं काम करते. त्या अनुभवावरून लिहितेय.

नाव भारदस्त असलं तरी विषयाचा गाभा एकच आहे. आपल्या देशात चालणारा धंदा दुसऱ्या देशात नेताना काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं? मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं तेव्हा गोमांस मेनूतून गेलं, आलू टिक्की आली, शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघरात वेगळी व्यवस्था झाली. कामाची शिस्त, मालाची ने-आण, दुकानाची ओळख मात्र तीच राहिली. केलॉग्ज १९९४ मध्ये आलं. पण आपल्याकडे सकाळी दूध तापवून घेतात, आणि गरम दुधात कॉर्नफ्लेक्स लगेच मऊ पडतात. माणसं नाश्त्याला काय खातात याच्याइतकंच ते कसं खातात, हेही बघावं लागतं.

यासाठी वर्गात बऱ्याच चौकटी शिकवतात. मला सगळ्यात उपयोगी पडली ती व्यवस्थापनाचे प्राध्यापक पंकज घेमावत यांची. २००१ मध्ये त्यांनी मांडलं की दोन देशांमधलं अंतर चार प्रकारचं असतं: संस्कृतीचं, कायदा आणि कारभाराचं, भूगोलाचं, आणि आर्थिक परिस्थितीचं. नकाशावर दिसतं ते फक्त तिसरं. बाकी पोर्टरची पाच बलं (धंद्यातली स्पर्धा कुठून कुठून येते ते मोजायची चौकट), बाहेर जाण्याचे मार्ग (नुसती निर्यात, परवाना, फ्रँचायझी, भागीदारी, स्वतःची कंपनी), कंपन्यांची खरेदी-विक्री हे सगळं असतंच. ते घरी बसून वाचलं तरी कळतं.

न दिसणारं अंतर मात्र मला भिवंडीच्या गोदामात कळलं. पहिल्या वर्षानंतरच्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये एका निर्यातदाराकडे मी सौदीच्या बाजारासाठी लोणची-मसाल्यांची योजना केली होती. चाळीस स्लाइड्स होत्या. तिथले भारतीय किती, स्पर्धक कोण, भाव काय, सगळं होतं. डिस्पॅच बघणारे काका माल भरायच्या आधी बाटली हातात घेऊन म्हणाले, "ताई, लेबलवर अरबी कुठंय?" तिथे लेबलवर अरबी मजकूर लागतो, हे माझ्या चाळीस स्लाइड्समध्ये एकदाही आलं नव्हतं. मग घाईघाईने स्टिकर छापून आणले आणि आम्ही सहा जण तीन दिवस गोणपाटावर बसून एकेका बाटलीला ते लावत होतो. लोणच्याच्या बाटलीवर तेलाचा जरासा ओशटपणा राहिला तरी स्टिकर सुटून येतो, म्हणून आधी फडक्याने पुसायचं, मग चिकटवायचं, आणि एक्सपायरीची तारीख झाकली जाणार नाही हे बघायचं. घेमावतांचं दुसरं अंतर, कायद्याचं, मी त्या तीन दिवसांत हाताने शिकले.

पुढच्या वर्षी वर्गात २०१० च्या द्राक्षांची केस आली तेव्हा ती मला वेगळी शिकवावी लागली नाही. त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढ रोखणारं रसायन, त्याचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. नाशिकचा शेतकरी, न्हावा-शेवा बंदर, रॉटरडॅमचा आयातदार, सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, तरी शेतकऱ्याचं वर्ष गेलं. ही केस परदेशातल्या वर्गात शिकवतीलही, पण फेब्रुवारीत निफाडच्या पॅकहाउसमध्ये अर्धा-अर्धा किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरताना बघितलेल्या माणसाला त्या वर्गात बोलायला जास्त असेल. म्हणूनच मी म्हणतेय, आधी काम करा.

शिवाय मुंबईइतकी चांगली जागा या विषयाला भारतात मिळणं कठीण. न्हावा-शेवा १९८९ मध्ये सुरू झालं, आज देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी ते एक आहे. बीकेसीत हिऱ्यांचा बाजार आहे. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंगची कार्यालयं आहेत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा युरोपचा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. पुस्तकात भूगोलाचं अंतर बदलत नसतं. इथे ते एका महिन्यात बदललं, आणि कस्टम्स एजंटच्या साध्या क्लार्कलाही भाडं किती वाढलं ते तोंडपाठ होतं.

आता पैशांचं. हाच विषय तुमच्या कर्जाला लावून बघा. फी आणि राहण्याचा खर्च पौंडात. परत आलात तर पगार रुपयात. कर्जाचे हप्ते रुपयात, पण कर्ज किती लागणार हे पौंडाच्या भावावर. कुठलीही कंपनी असा सौदा करताना विचारेल की खर्च एका चलनात आणि कमाई दुसऱ्या चलनात असेल तर मधला धोका कोण सोसणार. तुमच्या बाबतीत तो तुमचे वडील सोसणार आहेत, राहत्या घरासकट. तिथेच नोकरी लागेल हे गृहीत धरून कागदावर गणित जमतं, पण ते गृहीतक सगळ्यात कच्चं आहे, कारण तुमच्याकडे अजून एका दिवसाचाही कामाचा अनुभव नाही.

या शास्त्रातली दोन मोठी भारतीय नावं बघा. सी. के. प्रल्हाद एकोणिसाव्या वर्षी बॅटरीच्या कारखान्यात नोकरीला लागले, आयआयएम अहमदाबाद त्यानंतर. सुमंत्र घोषाल इंडियन ऑइलमध्ये नोकरी करून मग अमेरिकेत शिकायला गेले आणि पुढे बहुराष्ट्रीय कंपन्या कशा चालतात यावर जगाला नवा विचार दिला. दोघांनी आधी काम बघितलं होतं.

म्हणून तुम्हाला सुचवते. दोन वर्षं फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवायची सगळी व्यवस्था करणारा), कस्टम्स एजंट किंवा निर्यातदाराकडे नोकरी धरा. सुरुवातीचा पगार कमी असेल. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), एफओबी आणि सीआयएफ यांतला फरक (जहाजाचं भाडं आणि विमा कोणी भरायचा), बँकेचं एलसी (पैसे मिळण्याची हमी देणारं पत्र) हे सगळं हाताखालून जाऊ द्या. त्याच काळात सीईटीची, म्हणजे व्यवस्थापनाच्या राज्य प्रवेश परीक्षेची, तयारी करा. चर्चगेटचं जमनालाल बजाज हे व्यवस्थापनाचं कॉलेज १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलं, आणि तिथली फी परदेशाच्या तुलनेत फारच कमी आहे. फक्त परदेशी व्यापारच करायचा असेल तर आयआयएफटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) बघा, दिल्ली किंवा कोलकाता. दोन वर्षांनंतरही इंग्लंडच हवं असं वाटलं तर जा, तेव्हा शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला तुमच्याकडे खरं काहीतरी असेल.

इंग्रजीची भीती मनातून काढा. मीही डोंबिवलीच्या मराठी शाळेतलीच. पहिलं सत्र मी वर्गात तोंड उघडलं नाही, प्रश्न मराठीत लिहून घ्यायचे आणि घरी उत्तर इंग्रजीत मांडायचे. दुसऱ्या वर्षी सौदीच्या लेबलांचं सांगितलं तेव्हा माझं व्याकरण कुणी बघत नव्हतं. पुढच्या रांगेतला मुलगा मागे वळून विचारत होता की स्टिकर कुठे छापून मिळाले.

शेवटची आणि तातडीची गोष्ट. प्रवेशपत्र फाडू नका. बरीच विद्यापीठं प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायला परवानगी देतात, पण ते पैसे भरायच्या मुदतीआधी विचारावं लागतं. आजच मेल टाका, अनामत परत मिळते का तेही त्यातच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बाबांना बँकेच्या कागदांवर सही करू देऊ नका.