छत्रपती संभाजीनगरहून दुबई किती लांब, विमानाला किती वेळ लागतो?

चिकलठाण्याहून (शहराच्या विमानतळावरून) दुबईला थेट विमान नाही, म्हणून हिशोब मुंबईपासून धरा. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे 1930 किमी. जाताना सव्वातीन तासांच्या आसपास, येताना साधारण तीन. हा फरक वाऱ्याचा: वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते तोंडावर येतात. हिवाळ्यात फरक जास्त जाणवतो.

तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नका. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी 10 ला निघून 11:45 ला पोचणार असं दिसलं, तरी प्रवास पावणेदोन नव्हे, सव्वातीन तासांचा.

खरा वेळ खातं ते मुंबई गाठणं. विमानाने तासाभराचं काम, रेल्वेने सातेक तास. वर गाडी लेट झाली तर ते वेगळंच. बॅगा जमा करायचं चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे विमानतळावर तीन तास आधी हजर राहा.

दोन्ही विमानं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. चिकलठाण्याला बॅगेच्या पट्टीवर शेवटचं ठिकाण 'डीएक्सबी' (DXB, दुबई विमानतळाचा कोड) छापलंय का ते तिथेच बघा. 'बीओएम' (BOM, मुंबईचा कोड) असेल तर बॅग मुंबईत उतरवून पुन्हा जमा करावी लागेल. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा गेलेच समजा.