झोपेवर कसला आलाय रिसर्च?

प्रश्न : ताई, माझी लेक रत्नागिरीला बीएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आता म्हणते मेंदूवर आणि त्यातही झोपेवर संशोधन करणार. आमचे भावजी म्हणतात झोपेवर कसला आलाय रिसर्च, गप बीएड कर. मला तिला अडवायचं नाहीये, पण यात करतात काय ते कळलं तर घरात बोलता येईल. – एक आई, वेंगुर्ला

उत्तर : ताई, अडवण्याआधी समजून घ्यायचंय म्हणताय, खूप बरं वाटलं. भावजींना आधी हे सांगा की झोप म्हणजे मेंदू बंद पडणं नव्हे. पूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, उजेड-आवाज थांबला की मेंदू आपसूक थंडावतो म्हणे. मग 1917 च्या सुमारास व्हिएन्नात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली, बरेच पेशंट दिवसचे दिवस झोपून राहायचे आणि काहींना उलट झोपच लागायची नाही. फॉन इकोनोमो नावाच्या डॉक्टरांनी मेलेल्या पेशंटचे मेंदू तपासले, तर हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग) मागच्या भागाला इजा झालेले झोपाळू आणि पुढच्या भागाला इजा झालेले ते जागे राहणारे! म्हणजे जागं ठेवणारी जागा वेगळी नि झोपवणारी वेगळी.

पुढे 1953 मध्ये शिकागोत असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आणि त्याचे सर क्लाइटमन यांनी झोपेत मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ते नोंदवलं, ती स्वप्नांची झोप. असेरिन्स्कीने तर स्वतःच्या लहान मुलाच्या झोपेच्याही नोंदी घेतल्या होत्या.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती ओरेक्सिनची गोष्ट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही कुत्रे होते, आवडतं खाणं समोर आलं की आनंदाने अंगातली ताकदच जायची आणि जागच्या जागी कोसळायचे, नार्कोलेप्सी हा आजार. माणसांनाही होतो, भर दिवसा अनावर झोप येते, हसताना गुडघे लुळे पडतात, आणि लोक त्यांना आळशी म्हणतात. तिथले संशोधक एमॅन्युएल मिन्यो यांच्या टीमने या कुत्र्यांमधला दोषी जीन शोधायला जवळजवळ दहा वर्षं घालवली, 1999 मध्ये तो सापडला. तिकडे यानागिसावा या शास्त्रज्ञांची टीम भुकेचं म्हणून एक रसायन अभ्यासत होती, ते ज्यांच्यात बनत नाही असे उंदीर रात्री धावताधावता मधेच कोसळताना दिसले, आणि कुत्र्यांमधला तो जीनही याच रसायनाशी निगडित निघाला, म्हणजे दोघांची वाट एकाच ठिकाणी येऊन मिळाली. ते रसायन म्हणजे ओरेक्सिन, आपल्याला जागेपणी टिकवून धरणारं. अख्ख्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी फक्त 70-80 हजार, आणि नार्कोलेप्सीवाल्या बऱ्याच माणसांत त्याच मेलेल्या असतात! 2014 मध्ये याच ओरेक्सिनला अडवणारी झोपेची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. भावजींना विचारा, हा रिसर्च नाही तर काय.

आता रोजचं काम. उंदराच्या डोक्याला बारीक तारा बसवून चोवीस तास मेंदूच्या लहरी नोंदवायच्या, मग दर काही सेकंदांना झोप की जाग ते ठरवत बसायचं. कंटाळवाणं आहे, चिकाटी लागते. एमएस्सी, मग नेट-जेआरएफ (पीएचडीसाठी शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा), मग पाचसहा वर्षं पीएचडी, नंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), म्हणजे पक्की नोकरी तिशी ओलांडल्यावरच, हे घरात आधीच स्पष्ट बोला. आपल्याकडे बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था) आणि मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर बघायला सांगा. पोरीला खरंच ओढ असेल तर मी म्हणेन जाऊ द्याच, बीएड नंतरही करता येतं.

प्रश्न : मी हर्णैचा तांडेल. पहाटे तीनला सुकाणूवर डोळे मिटतात, चहावर चहा घेतो, तरी किनाऱ्याला लागल्यावर धड झोप नाही. का?

उत्तर : दादा, जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच झोप चढते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, पण साठलेलं अडेनोसिन तिथेच राहतं, म्हणून चहाचा असर उतरला की झोप दामदुपटीने येते. शिवाय कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, तीनचा चहा सकाळी आठलाही अंगात असतो, वर डोळ्यावर ऊन आलं की मेंदूतलं घड्याळ उठ म्हणतं. चहा मध्यरात्रीच्या आत उरका, घरी खोली पूर्ण काळोखी करा, आणि पहाटे पेंग आलीच तर सुकाणू दुसऱ्या अनुभवी खलाशाकडे देऊन वीसेक मिनिटं पडाच. ते समुद्रावर फार महत्त्वाचं आहे, कृपा करून टाळू नका.