न्यूट्रलला गाडी रेस राहते, नुसता स्क्रू पिळून काय होणार?

प्रश्न : काका नमस्कार. वडिलांची 1997ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली, एसी बसवलेला. दोन-तीन महिने झाले, सकाळी चालू केल्यावर ठीक असते पण गरम झाली की न्यूट्रलला आपोआप रेस राहते. परवा आंबा घाट उतरताना सेकंड गिअरला पण पुढंच ढकलत होती, ब्रेक तापले. मेकॅनिकनं तीनदा स्क्रू कमी करून दिला, चार दिवसांत पुन्हा तेच, आणि आता एसी लावला की बंद पडते. तो म्हणतो कार्बोरेटरच नवीन टाका. टाकू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाकू नका, निदान आत्ताच नको. आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन जेवढं फिरतं तो स्लो, वाढलंय म्हणजे इंजिनाला कुठून तरी जास्तीची हवा मिळतीय. ती कुठून येते ते न बघता स्क्रू पिळत बसलं की तुमचं झालंय तसंच होतं, स्लो इतका खाली आणून ठेवला की एसीचा लोड आला की इंजिन गपगार. थंड इंजिनाला तशीही थोडी जास्त हवा लागते म्हणून सकाळी ठीक वाटतं, गरम झाल्यावर तीच हवा जास्त होते.

800ला आरपीएमचा काटा नाही, पण सपाट मोकळ्या रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. आयडल 900च्या आसपास असेल तर गाडी झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जाते, शेजारी पळावं लागलं तर दुप्पट झालंय असं समजा. घाटात ढकलत होती ती याच्यामुळंच, इंजिन ब्रेकिंग कमी पडतं. दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका.

आता गाडी चांगली गरम करा, एसी आणि लाइट बंद ठेवा, आणि एअर फिल्टरचं झाकण काढून आत बघा. चोकचं (थंड इंजिन चालू करताना ओढतो ते) बटण पूर्ण आत असताना वरची पाकळी सरळ उभी पाहिजे. जुन्या चोक केबलला गंज धरला की बटण आत जातं पण पाकळी अर्ध्यावर राहते आणि चोकच्या लिंकेजनं (जोडकाड्यांनी) थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरनं उघडणारी कार्बोरेटरमधली हवेची झडप, पण थोडा उघडाच राहतो, मी बघितलेल्या निम्म्या गाड्यांत हेच निघालंय. मग अॅक्सिलरेटरची केबल, ती ताणलेली नको, बोटानं हलवली तर किंचित ढिली लागली पाहिजे. आता महत्त्वाचं, चालू इंजिनावर थ्रॉटलचा लिव्हर हातानं बंद बाजूला दाबा (फॅन आणि बेल्टपासून बाही लांब). रेस खाली आली तर दोष केबल, स्प्रिंग किंवा लिंकेजचा, शंभर-दोनशे रुपयांत काम. एसीसाठी आयडल वाढवणारा छोटा डायफ्राम (व्हॅक्यूमनं हलणारा पडदा) असतो, तो एसी बंद असताना पण लिव्हरला टेकून बसलाय का तेही तिथंच दिसतं.

दाबून काहीच फरक नाही, आणि स्लोचा स्क्रू लिव्हरला टेकत पण नाही, तरी इंजिन जोरात? मग गाडी एअर खातीय. यात आवाजाकडं लक्ष द्या, थ्रॉटल उघडा असेल तर रेस एकसारखी असते, एअर लीक असेल तर बऱ्याचदा वर-खाली होते आणि कुठंतरी सूंऽऽ असा आवाज येतो. व्हॅक्यूमचे रबरी पाइप एकेक करून फडक्यावरून पकडीनं दाबा, ज्याला दाबल्यावर रेस पडेल त्या लाइनवर शोधा. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटला साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, क्षणभर आवाज बदलला तर गॅस्केट गेलं. काही जण पेट्रोल नाहीतर क्लीनर मारतात, तापलेल्या इंजिनावर हे धाडस करू नका, आणि पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागावर) जाऊ देऊ नका.

तुमचं वर्णन वाचून मला मात्र थ्रॉटलच्या शाफ्टची शंका जास्त आहे. सेट केलेलं आयडल दर वेळी वेगळ्या जागी थांबतं, हे झिजलेल्या शाफ्टचं लक्षण. शाफ्ट धरून हलवा, खडखड लागला तर तिथून हवा जातीय. बुश घालून देणारा जुना कारागीर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर मग कार्बोरेटर बदला. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग पुढं गेलं असेल तरी रेस वाढते, ते टायमिंग लाइट लावूनच बघायचं, कानानं नाही.

सगळं झाल्यावरच स्लोचा स्क्रू. मिक्श्चरच्या (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) स्क्रूला हात लावू नका, तो पीयूसीचं मशीन लावून सेट करा, तुमच्या जुन्या गाडीला आयडलवर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्क्यांपर्यंत चालतो.

प्रश्न : 2004ची वॅगनआर आहे, आयडल कायम 1300-1400, अॅव्हरेज पण पडलंय. थ्रॉटल बॉडी साफ केली, काही फरक नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी सांगा, कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय का? सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून बरेच मेकॅनिक तो व्हॉल्व्ह काढून फेकतात, पण मग इंजिन नीट तापतच नाही, सेन्सर ‘अजून थंड आहे’ असं सांगत राहतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल आणि रेस दोन्ही जास्त देत राहतो. टेम्परेचरचा काटा अर्ध्या तासानं पण तळाशी असेल तर हेच. असेल तर नवीन थर्मोस्टॅट बसवा, कूलंट पूर्ण भरा आणि सिस्टिममधली हवा काढा, कारण सेन्सर हवेत राहिला तरी चुकीचं रीडिंग देतो. काटा मध्यावर येत असेल तर मग आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्यातला कार्बन बघा.